शाळेतली जखमी चिंच : ठेवायची की पाडायची?

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. माझं शिक्षण परभणीला उद्यानविद्येत झालं. गेली काही वर्षं शाळा, देवस्थानं आणि रस्त्याकडेची मोठी झाडं बघून ती ठेवण्यासारखी आहेत का, हे सांगायचं काम मी करते. या प्रकरणात माझा पहिला अंदाज चुकला होता. तो का चुकला आणि वेळेत कसा दुरुस्त झाला, हे इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पटावर १४० मुलं. मैदानात पूर्वेकडे थोडी सरकून एक जुनी चिंच उभी आहे. छातीच्या उंचीवर घेर ४ मीटर १० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटर. उंची तेव्हा साधारण १७ मीटर होती. झाडाच्या पूर्वेला ७ मीटरवर पहिली-दुसरीच्या दोन जुन्या खोल्या, उत्तरेला हातपंप आणि पश्चिमेला, बरीच लांब, नवी इमारत.

निलंग्याच्या बाजूला चिंचेचं मोल सांगावं लागत नाही. याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेची चिंच दरवर्षी गुत्त्यानं (ठेक्यानं) जायची आणि त्या पैशातून खडू, चटया, स्नेहसंमेलनाचा मांडव असा खर्च निघायचा. मुलांना चिगूर (कोवळा पाला) आणि गाभुळलेल्या चिंचा मिळायच्या, त्या वेगळ्याच.

पण गावाचा जीव या झाडात अडकला त्याचं कारण वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. या गावात माणसं दगावली नाहीत, तरी दगड-मातीच्या बऱ्याच भिंती खाली आल्या. धक्के चालू होते आणि घरात झोपायची कुणाची छाती होत नव्हती. तेव्हा पंधरा-वीस कुटुंबं कित्येक आठवडे या चिंचेखाली झोपली. आज पन्नाशीत असलेली माणसं तेव्हा ऐन विशीत होती. त्यांच्या लेखी हे झाड म्हणजे छप्पर आहे.

अडचण

२०२३ च्या मे महिन्यात, पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी वळवाचं वादळ आलं. चिंचेला अडीच मीटरवर जोड होता. तिथून नैर्ऋत्येकडे गेलेला मोठा फांदा मोडला आणि मोडताना साल आणि लाकडाचा पट्टा ओरबाडत खाली घेऊन आला. खोडावर १ मीटर ९० सेंटिमीटर लांब आणि सगळ्यात रुंद जागी ५५ सेंटिमीटर अशी उघडी जखम राहिली. आत जुनं कुजकं लाकूड दिसत होतं आणि त्या कुजक्या लाकडात सिमेंटचा गोळा होता.

सिमेंटची हकीगत नंतर कळली. दहा-बारा वर्षांपूर्वी विजेच्या तारांसाठी एक फांदी तोडली होती. तिथं ढोली पडू लागली. पावसाचं पाणी साचू नये म्हणून कुणीतरी मनापासून ती सिमेंटनं भरली आणि वरून गेरू लावला. एके काळी हेच योग्य मानलं जायचं, त्यामुळे त्या माणसाला दोष देता येत नाही. पण झाड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही. दोन्हींच्या मध्ये फट पडते, फटीत ओल टिकते आणि कुज झाकली जाते. बाहेरून दहा वर्षं सगळं ठाकठीक दिसत राहिलं.

सुट्ट्या होत्या म्हणून खाली कुणी नव्हतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार होती, पाऊसही त्याच सुमारास येणार होता. म्हणजे हातात पाचेक आठवडे होते.

गावात दोन तट पडले. पालकांतले बरेच जण म्हणाले, पाडून टाका. एका लाकूड व्यापाऱ्यानं तिसऱ्याच दिवशी येऊन भाव सांगितला, कारण चिंचेच्या लाकडाला, विशेषतः खाटकाच्या ओंडक्यासाठी, गिऱ्हाईक असतं. जुनी माणसं म्हणाली, भूकंपात जे हललं नाही ते आता काय पडतंय. मुख्याध्यापक सर दोन्ही बाजूंच्या मधे सापडले आणि त्यांनी मला बोलावलं.

दोन्ही बाजूंबद्दल माझं मत तेव्हाच झालं होतं. भूकंपाचा दाखला इथं चालत नाही. १९९३ मध्ये ज्याची परीक्षा झाली ते झाड अखंड होतं. आज समोर आहे ते झाड वेगळं. आणि जखम मोठी दिसते म्हणून झाड पडणारच, हेही तितकंच चूक. पोकळ चिंचा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत.

पहिला निर्णय : आधी माणसं बाजूला

मी पोचण्याआधी सरांनी फांद्यांच्या घेराच्या बाहेरून दोरी बांधून घेतली होती. झाडाबद्दलचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालतो, माणसं बाजूला करण्याचा मात्र त्याच दिवशी घ्यावा लागतो. सरांनी तो घेतला.

त्यात एक भोक राहिलं होतं. हातपंप दोरीच्या आत होता. मे महिना, गावात पाण्याची ओढ, आणि सकाळ-संध्याकाळ बाया दोरीखालून वाकून कळशा भरायला जात होत्या. दोन दिवस हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात फक्त शाळेची मुलं होती. सरपंच ताईंना सांगितल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी टँकरची टाकी नव्या इमारतीच्या मागे उभी करून हातपंपाची साखळी काढून घेतली.

पहिली पाहणी

मी झाडाभोवती लांबून तीन फेऱ्या मारल्या. पाला हिरवागार होता, नवी पालवी भरपूर आलेली. मधल्या शेंड्याला काही वाळलेल्या काटक्या होत्या. त्या २०१६ च्या दुष्काळापासून तशाच आहेत असं शिपाई मामांनी सांगितलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. बुंध्याभोवती पार बांधलेला नव्हता हे नशीब, नाहीतर बुडाची तपासणीच करता आली नसती.

मग लाकडी मोगरीनं खोड वाजवलं. भरीव लाकूड टणक, आखूड आवाज देतं; पोकळ जागा ढोलकीसारखी घुमते. घुमणाऱ्या जागा खडूनं आखल्या आणि १ मीटर उंचीवर सहा ठिकाणी ६ मिलिमीटरच्या लांब बिटानं भोकं पाडली. हे काम हात राखून करावं लागतं, कारण प्रत्येक भोक कुज अडवायला झाडानं आत घातलेला बांध फोडतं. बिट किती जोर मागतं आणि भुसा कसा येतो, यावरून आतलं कळतं. चिंचेचं बाहेरचं लाकूड पिवळट पांढरं असतं, गाभा जांभळट तपकिरी आणि दगडासारखा कठीण. जिथं बिट एकाएकी लोण्यात शिरल्यासारखं आत जातं आणि काळपट ओला भुसा येतो, तिथून कुज सुरू होते.

मापं अशी आली : भरीव भिंत उत्तरेला २६ सेंटिमीटर, पूर्वेला २४, पश्चिमेला २२, दक्षिणेला १९. जखमेच्या दोन कडांना मात्र ११ आणि ९.

हे आकडे वाचायचे कसे, ते थोडं उलगडून सांगते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे संशोधक क्लाउस मॅथेक यांनी उभ्या आणि मोडलेल्या पोकळ झाडांची मापं घेऊन एक ढोबळ नियम मांडला : भरीव भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तीन दशांशाहून कमी झाली की झाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. आपल्या चिंचेची त्रिज्या ६५ सेंटिमीटर, म्हणजे भिंत २० सेंटिमीटरच्या आसपास हवी. यामागचं गणित साधं आहे. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या वरच्या घातांवर चालते, त्यामुळे मधलं लाकूड फारसं कामाला येतच नाही. त्रिज्येच्या ७० टक्के भाग पोकळ झाला तरी ताकद साधारण २४ टक्क्यांनीच घटते. वेळूचं बेट वादळात का टिकतं, त्याचंही कारण हेच. पण भिंत सगळीकडून ९ सेंटिमीटर झाली असती, तर ताकद निम्म्याहून खाली आली असती. इथं पातळ भाग घेराच्या साधारण चौथ्या हिश्शात होता, आणि पूर्ण उघडा भाग सातव्या-आठव्या हिश्शात.

या मापांवरून मी सरांना तोंडी सांगितलं की झाड ठेवता येईल. हलकी छाटणी करू, जूनमध्ये दोरी काढू, मुलं खाली बसली तरी हरकत नाही.

हाच तो चुकलेला अंदाज.

जमिनीखालची गोष्ट

मी साहित्य आवरत होते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीपासून उठून आल्या. म्हणाल्या, “मॅडम, कव्हापून बघलालाव, समदं वरच बघलालाव. खाली चारी खांदली व्हती की फेब्रुवारीत. मशीनीनं.”

नळाच्या पाइपासाठी खणलेली ती चारी झाडाच्या पूर्वेला होती, बुंध्यापासून अवघ्या १ मीटर २० सेंटिमीटरवर आणि ७५ सेंटिमीटर खोल. काळी माती परत लोटून सपाट केली होती, वर गवतही उगवलं होतं. मला काही दिसायचं कारणच नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन न लावता कुदळ-खुरप्यानं चारी उघडली. मनगटाएवढी तीन मुळं तुटलेली आणि एक ११ सेंटिमीटर जाडीचं मूळ, मशीनच्या दातांनी चिंध्या होऊन लोंबणारं. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरतात. म्हणजे त्या बाजूचा बहुतेक सगळा आधार कापला गेला होता.

इथून पुढे चित्र पालटलं. वारा पश्चिमेकडून ढकलतो तेव्हा पश्चिमेची मुळं दोरखंडासारखी ओढून धरतात आणि पूर्वेची टेकूसारखी खालून पेलतात. टेकू बुंध्यापाशीच तुटला होता. नैर्ऋत्येचा फांदा गेल्यामुळे झाडाचा तोल पूर्वेकडे झुकला होता. खोडाची पातळ, जखमी बाजू नेमकी ओढ सोसणारी. आणि पूर्वेला पहिली-दुसरीचे वर्ग. यातलं एक-एक कारण सुटं असतं तर निभावलं असतं. चारही एकाच दिशेला जमली होती.

मी सरांकडे जाऊन कालचं मत मागे घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांनी ते गावात सांगूनही टाकलं होतं.

पर्याय

पाडणं हा पर्याय मी पहिल्यांदा मांडला. मुलाचा जीव आणि झाड एका तराजूत घालता येत नाहीत, हे बैठकीत मी स्वच्छ सांगितलं. मूल खालून हलवता येत नसेल तर झाड जाईल. त्यासाठी परवानगी लागणार होती. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत चिंचेचं नाव आहे, त्यामुळे व्यापाऱ्याशी भाव ठरला की करवत लावली, असं करता येत नाही.

“बुंधा ठेवा, वरचं समदं उडवा” हा गावाचा आवडता पर्याय. विजेच्या तारांखाली अशी मुंडी छाटलेली झाडं सगळ्यांनी पाहिलेली असतात. मी याला ठाम नकार दिला. बोडक्या बुंध्यावर फुटवे झपाट्यानं येतात, पण त्यांची बैठक सालीलगतची, उथळ असते. पाच-सात वर्षांत ते जड होतात आणि जोडावरून निखळतात. शिवाय एकदम सगळा पाला गेला तर झाड जखमेभोवती नवं लाकूड कशाच्या बळावर घालणार?

काहीच न करणं हा पर्याय मुळांचं कळल्यावर आपोआप बाद झाला. टेकू देणं आणि लोखंडी दोरानं बांधणं यावर थोडं बोलणं झालं. नीट बसवायला आणि दरवर्षी तपासायला माणूस नव्हता, म्हणून सोडून दिलं.

राहिला पाचवा रस्ता : शेंडा आणि पूर्वेचा भार टप्प्याटप्प्यानं कमी करायचा, खालून माणसं कायमची हलवायची आणि झाडावर लेखी नजर ठेवायची. यात सगळ्यात अवघड गोष्ट झाडाची नव्हती. दोन वर्ग कुठं न्यायचे, हा खरा पेच होता. समाजमंदिर रिकामं होतं, पण मधे रस्ता. उसाचे ट्रॅक्टर तिथून जातात. एका आईनं उठून विचारलं, “झाडाखालून काढून ट्रॅक्टरखाली घालायचं का लेकरांना?” प्रश्न बिनतोड होता. एका धोक्यातून काढताना दुसऱ्यात ढकलत नाही ना, हे मी माझ्या कागदावर कुठंच मांडलेलं नव्हतं. तासभर बोलून मार्ग निघाला : सहावी-सातवीचे वर्ग शिक्षकांसोबत समाजमंदिरात जातील आणि पहिली-दुसरी त्यांच्या जागी नव्या इमारतीत.

बैठकीच्या शेवटी एक कागद लिहिला. काय दिसलं की झाड पाडायचं, हे आधीच ठरवून सरपंच ताई, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं त्यावर सह्या केल्या. बुंध्याभोवती माती उचलली किंवा नवी भेग पडली, पश्चिमेच्या मुळांवर बुरशीचे कान (कानाच्या आकाराच्या छत्र्या) आले, एका हंगामात निम्मा शेंडा वाळला, किंवा खोडाला टांगलेला ओळंबा (गवंड्याचं दोरीला लावलेलं वजन) दोन सेंटिमीटर सरकला, तर पुन्हा बैठक न घेता झाड उतरवायचं.

ओळंब्याची कल्पना गावच्या गवंडी मामांची. शहरात झाड किती कलतं ते मोजायला यंत्रं मिळतात, इथं नव्हती. खोडाला तीन मीटरवर खिळ्याऐवजी पट्ट्यानं आडवी लाकडी फळी बांधली, तिला ओळंबा सोडला आणि खाली सिमेंटच्या ठोकळ्यात खूण केली. दर सोमवारी वारा पडलेला असताना सातवीतली दोन मुलं वहीत नोंद करणार.

प्रत्यक्ष काम

मेच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी झाली. आधी वीज बंद करून घेतली. झाडावर चढणारे दोघे भाऊ अनुभवी होते, पण फांदी बुडाशी घासून सपाट कापायची त्यांची सवय. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी असते. जखम भरून काढणारं लाकूड तिथूनच निघतं. ती वळी राखून कापायचं, हे मी जमिनीवर पडलेल्या फांदीवर खडूनं आखून दाखवलं. आधी खालून एक काप, मग थोडा पुढे वरून, आणि ओझं उतरल्यावर शेवटचा काप वळीच्या बाहेरून. असं केलं की साल ओरबाडत खाली येत नाही.

हिरव्या पाल्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त एका वेळी काढायचं नाही, असा माझा नेम आहे. त्या दिवशी पूर्वेकडे मी चौथ्या हिश्शापर्यंत गेले. एक फांदा तर वादळानंच नेला होता, म्हणजे झाड आधीच उपाशी. तरीही मुळं कमी झाली होती आणि पावसाळा दारात होता. उरलेली छाटणी जानेवारीत करायची ठरली.

जखमेला काय लावायचं यावर बरंच बोलणं झालं. कुणी डांबर म्हणालं, कुणी गेरू. जालन्याकडं मोसंबीच्या बागेत काम केलेल्या एका काकांनी बोर्डो पेस्ट सुचवली : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोसंबीच्या डिंक्यावर ती चालते, कारण तो रोग सालीत असतो. इथली कुज हातभर आत होती, तिथपर्यंत पेस्ट पोचत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड कुजलेला भाग आत बंद करून त्याच्याभोवती बांध घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं; वर लावलेले लेप कुज थांबवत नाहीत. आम्ही सालीच्या लोंबत्या चिंध्या धारदार सुरीनं साफ केल्या, सिमेंटचे सुटे तुकडे हातानं काढले आणि आतलं खरवडायला गेलो नाही. घट्ट बसलेलं सिमेंट तसंच राहू दिलं.

तुटलेल्या मुळांची टोकं करवतीनं सरळ कापून चारी चांगल्या मातीनं भरली. फांद्यांच्या सावलीएवढ्या जमिनीवर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर दिला, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवून. त्याबाहेर तारेचं कुंपण केलं.

श्रावणात एक गोष्ट जड गेली. नागपंचमीला गावातल्या लेकी माहेरी येतात आणि झोका याच चिंचेला बांधला जातो. त्या वर्षी झोका बांधायचा नाही असं सांगितलं तेव्हा भूकंपात इथं झोपलेले आबा तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्वतःच्या वावरातल्या कडुलिंबाला दोर बांधून दिला.

पुढे काय झालं

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. भेगाळलेल्या काळ्या मातीत अर्धी मुळं गमावलेलं झाड तग धरणार नाही, अशी मला धास्ती होती. आठवड्याला एक टँकर पश्चिम आणि उत्तरेच्या भुसकटावर सोडला. पूर्वेचे काही शेंडे वाळले, पण झाड सावरलं. डिसेंबरात जखमेच्या कडांना नव्या लाकडाची बोटभर वळकटी आली होती.

एप्रिल २०२४ मध्ये एका दुपारी, पानही हलत नसताना, मांडीएवढी एक फांदी कुंपणाच्या आत पडली. ती मी निरोगी ठरवली होती. कुंपण नसतं तर मधल्या सुट्टीत तिथं मुलं असती. त्या दिवसानंतर गावात कुंपणाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वेच्या बुडाशी लालसर तपकिरी, चकचकीत, पांढऱ्या कडेचा एक कान उगवला. ही गॅनोडर्मा बुरशी. मुळं आणि बुंधा आतून कुजवते. ती तुटलेल्या जाड मुळातूनच शिरली असणार. पश्चिमेची मुळं उकरून वाजवली, ती टणक होती. कागदावरची अट मोडली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये शेंडा आणखी उतरवला. झाड आता १३ मीटरवर आलं आहे.

मग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी. मराठवाड्यात असा पाऊस फार थोड्यांनी पाहिला असेल. मैदान दलदल झालं आणि चार दिवसांत ओळंबा ६ मिलिमीटर पूर्वेला गेला. माती वाळल्यावर तो मागे आला नाही.

यावर आमचं एकमत झालं नाही. सर म्हणाले, कागदावर दोन सेंटिमीटर लिहिलंय, सहा मिलिमीटर झालंय, मग झाड ठेवायचा निर्णयही ठरलेलाच आहे. माझं मत पडलं की खोड पाच मीटरवर आणून ठेवावं. सरकणं थोडं असलं तरी ते कायमचं आहे, आणि पूर्वेला बुरशी आहे. पण मधल्या काळात पूर्वेच्या जुन्या खोल्या निर्लेखित होऊन पाडल्या गेल्या होत्या आणि हातपंपही कायमचा बंद झाला होता. आता १५ मीटरच्या आत ना वर्ग, ना वाट. पडलं तर रिकाम्या मैदानात पडेल. समितीनं कुंपण १५ मीटरवर नेलं आणि झाड ठेवलं. मी माझं वेगळं मत वहीत लिहिलं आणि खाली सही केली.

काय वेगळं करता आलं असतं

तोडण्याच्या परवानगीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा होता. झाड ठेवायचं ठरलं तरी कागद हातात असावा. ओळंबा दोन सेंटिमीटर सरकला असता, तर आम्ही भर पावसाळ्यात अर्ज लिहीत बसलो असतो. तो अर्ज आता दिला आहे.

दोन सेंटिमीटर हा आकडाही मी अंदाजानं लिहिला होता. सह्या झाल्या की असा आकडा कायद्यासारखा वाटू लागतो. तिथं दोन पायऱ्या हव्या होत्या : पाच मिलिमीटरला माणूस बोलावून पुन्हा पाहणी, आणि दोन सेंटिमीटरला थेट उतरवणं. तसं असतं तर सप्टेंबरात सर आणि मी वाद घालत बसलो नसतो.

कुंपण पहिल्यापासून झाडाच्या उंचीएवढं लांब ठेवायला हवं होतं. फांद्यांच्या सावलीएवढं कुंपण पडणाऱ्या फांदीपुरतं पुरतं. अख्खं झाड उलटलं तर ते त्याच्या बाहेर पडतं. २०२३ च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या वाटेनं मुलं जात होती, ती त्या लांबीच्या आत होती, हे मला उशिरा सुचलं.

आणि चारी. मी जखमेपाशी दोन तास घालवले आणि जमिनीबद्दल कुणाला एक प्रश्न विचारला नाही. मावशी त्या दिवशी सुट्टीवर असत्या तर जूनमध्ये दोरी निघाली असती. आता कुठल्याही झाडापाशी गेले की पिशवीतून मोगरी काढायच्या आधी मी विचारते, गेल्या पाच वर्षांत इथं कुणी काय खणलं. मुख्याध्यापकांना विचारते, आणि जी माणसं दिवसभर त्या आवारात राबतात त्यांना वेगळं विचारते.